बाहेरचा कोण? महानुभाव वाङ्मयाचे पाश्चात्त्य अभ्यासक आणि आपण

पाश्चात्त्य अभ्यासकांनी आपल्या धर्मपरंपरांचे लावलेले अर्थ कितपत ग्राह्य मानावेत, हा प्रश्न आपल्या चर्चासत्रांत आता नवा राहिलेला नाही. एडवर्ड सैद यांचा ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ऐंशीच्या दशकात भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची मांडणी केली. तेव्हापासून ‘परक्या दृष्टीने पाहिलेली परंपरा’ हा शब्दप्रयोग आपल्या लेखनात रुळला. पुढे जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक पुस्तकाचे निमित्त होऊन ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. वेंडी डोनिजर यांचे हिंदूंवरील पुस्तक २०१४ मध्ये प्रकाशकांनी भारतात मागे घेतले. या दोन घटनांनंतर तर या प्रश्नाची चर्चा करायची म्हणजे आधी बाजू जाहीर करायची, असा रिवाजच पडला आहे. एका बाजूला ‘त्यांना आपले काय कळणार’ असे म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘त्यांच्यामुळेच आपल्याला आपले कळले’ असे म्हणणारे. या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मात्र एकमत दिसते. प्रत्यक्ष ग्रंथ उघडून, अमुक शब्दाचा अमुक अभ्यासकाने कोणता अर्थ लावला आणि तो कोठे उणा पडला, हे पाहण्याची आवश्यकता दोघांनाही वाटत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न सर्वसामान्य पातळीवर चर्चिण्याचा विचार नाही. आपल्या विदर्भातीलच एक उदाहरण घेऊन त्याची तपासणी करावी, असा हेतू आहे. ते उदाहरण महानुभाव वाङ्मयाचे. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. प्राचीन ग्रंथांतले ऋद्धिपूर ते हेच. श्रीचक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांचे वास्तव्य येथे झाले आणि परंपरेनुसार म्हाइंभटाने लीळाचरित्राचे संकलनही येथेच केले. या वाङ्मयावर गेल्या साठ वर्षांत इंग्रजीतून जे काम झाले, ते थोडेथोडके नाही. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमधील इयन रेसाइड यांनी १९६० मध्ये महानुभाव ग्रंथांची संदर्भसूची प्रसिद्ध केली. अमेरिकेतील ॲन फेल्डहाउस यांनी १९८३ मध्ये सूत्रपाठाचे संपादन व भाषांतर, १९८४ मध्ये गोविंदप्रभुचरित्राचे भाषांतर, १९९२ मध्ये शं. गो. तुळपुळे यांच्या सहकार्याने स्मृतिस्थळाचे भाषांतर सिद्ध केले, आणि २०२४ मध्ये लीळाचरित्राच्या भाषांतराचा पहिला खंड मूर्ती क्लासिकल लायब्ररीत आणला. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांचा लीळाचरित्र व ज्ञानेश्वरी यांना एकत्र ठेवून विचार करणारा ग्रंथ २०१६ चा. म्हणजे एका लहान पंथाच्या, एका प्रांतातल्या ग्रंथांकडे परदेशी विद्यापीठांचे एवढे लक्ष गेले आहे. तेव्हा ‘परकी दृष्टी’ या आक्षेपाची कसोटी येथे नीट लागू शकते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. महानुभावांच्या बाबतीत ‘परका’ कोणाला म्हणायचे, हे वाटते तितके सोपे नाही. ‘मानभावी’ या शब्दाचा आज मराठीत जो अर्थ आहे, ढोंगी, वरून गोड आणि आतून कपटी, तो कोणा साहेबाने कोशात घातला म्हणून आलेला नाही. तो आपल्या बोलण्यातला आहे. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हणही इथलीच. वऱ्हाड आणि मध्य प्रांताच्या जुन्या इंग्रजी नोंदींत, विशेषतः रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिविषयक ग्रंथात, ‘मानभाव’ या शीर्षकाखाली जी माहिती दिसते, तिच्यातली कुचेष्टा सांगणारे तोंड देशीच होते. इंग्रज अधिकाऱ्याने ती विनातक्रार लिहून घेतली, हा त्याचा दोष खराच. परंतु ती त्याला कोणी सांगितली, हेही विचारायला हवे. गावातला पाटील, शाळेतला मास्तर, कचेरीतला कारकून यांच्या मनात पंथाविषयी जे होते, तेच इंग्रजीत गेले. आज आपण ‘वसाहतवादी मानववंशशास्त्र’ म्हणून त्या पानांवर टीका करतो, तेव्हा त्या पानांच्या मागे उभी असलेली आपली सावली आपल्याला दिसत नाही.

पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. ते का ठेवले, याविषयी मते भिन्न आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा होऊन ग्रंथ मुद्रित होऊ लागले, तेव्हा वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि नागपूरचे ह. ना. नेने हे सारे अभ्यासक पंथाच्या दृष्टीने बाहेरचेच होते. पोथी मठातून विद्यापीठात आली, हाच खरा सीमोल्लंघनाचा क्षण. विद्यापीठातून ती पुढे अमेरिकेत गेली, ते अंतर नकाशावर मोठे असले तरी त्या पहिल्या अंतरापेक्षा लहान आहे. असे म्हटल्याने पाश्चात्त्य अभ्यासकांना अभय मिळत नाही. आपल्याला मिळालेले अभय मात्र काढून घेतले जाते.

आता प्रत्यक्ष भाषांतराकडे वळू. फेल्डहाउस यांचे १९८४ चे पुस्तक ‘द डीड्स ऑफ गॉड इन ऋद्धिपूर’ या नावाने ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. त्यात त्यांच्याबरोबर एलिनॉर झेलिअट यांचाही प्रास्ताविक निबंध आहे. मूळ ग्रंथ गोविंदप्रभुचरित्र तसेच ऋद्धिपूरलीळा या दोन्ही नावांनी ओळखला जातो. ‘चरित्र’ या शब्दाला ‘डीड्स’ हा पर्याय जवळचा म्हणता येईल. चरित्र म्हणजे आचरलेले, केलेले. पण ‘लीळा’ला तो चालत नाही. कृत्य म्हटले की त्यामागे हेतू आला, परिणाम आला, कर्त्याची जबाबदारी आली. बायबलच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाच्या कानाला तर ईश्वराची कृत्ये म्हणजे इतिहासात घडवलेली कामे असेच ऐकू येते. उलट गुंडम राऊळ ज्या गोष्टी करतात, त्यांतल्या बहुतेकांना असा हेतू चिकटवता येत नाही. ते कोणाच्याही घरात शिरतात, खेळतात, रागावतात, मूर्तींशी बोलतात, हवे ते मागतात आणि मिळाले की टाकून देतात. बरोबर चाळीस वर्षांनंतर त्याच भाषांतरकर्त्रीने लीळाचरित्राला नाव दिले ‘गॉड ॲट प्ले’. कृत्यापासून खेळापर्यंतचा हा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो. परक्या भाषेतला एक अभ्यासक एकाच शब्दाशी चार दशके झगडतो आणि आपला पर्याय बदलतो. आता ‘प्ले’ हाही पुरेसा आहे असे मला वाटत नाही. इंग्रजीतला खेळ फार हलका आहे. लीळाचरित्रातील उत्तरार्धाची छाया त्यात मावत नाही. तरीही आक्षेप घ्यायचा तर तो असा, शब्दाला धरून घ्यावा. आणि त्यासाठी ‘लीळा’ या शब्दाचा महानुभाव ग्रंथांतला व्याप आपल्याला ठाऊक हवा.

‘गॉड’ या शब्दाचेही असेच. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परभिन्न मानलेले आहेत. देवता अनेक आहेत, त्यांची उपासना मोक्ष देत नाही. परमेश्वर एक आणि तो पाच रूपांत अवतरला: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू व चक्रधर. मोठ्या अक्षराने लिहिलेला इंग्रजी ‘गॉड’ हा देवता आणि परमेश्वर यांतला भेद चमत्कारिक रीतीने चांगला सांभाळतो, किंबहुना आपल्या बोलण्यातला ‘देव’ हा शब्द तेवढा सांभाळत नाही. परंतु त्याबरोबर ख्रिस्ती अवतारकल्पनाही चोरपावलांनी येते. ख्रिस्ताचे देहधारण एकदाच आणि एका देहात. येथे द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवून गुजरातच्या हरिपाळाच्या मृत शरीरात प्रवेश केला, अशी श्रद्धा आहे. या घटनेला इंग्रजी ‘इन्कार्नेशन’ हा शब्द लावला की तिचा अर्धा अर्थ गळतो. स्मृतिस्थळाच्या भाषांतराचे नाव ‘इन द ॲब्सेन्स ऑफ गॉड’ असे आहे. त्यामागे पंथातला असंनिधानाचा विचार आहे, म्हणजे चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर आणि गोविंदप्रभूंच्या देहावसानानंतर भक्तांच्या वाट्याला आलेला काळ. परंतु ज्या वाचकाच्या संस्कृतीत ‘ईश्वराचा मृत्यू’ ही घोषणा शंभर वर्षे घुमत आली, त्याला या नावातून भलताच ध्वनी ऐकू येणे शक्य आहे. यात भाषांतरकारांची चूक नाही. शब्द कोणत्या घरात राहून आला आहे, ते शब्दाच्या अंगाला लागतेच.

सर्वांत वादाचा मुद्दा वेडाचा. गुंडम राऊळांवरील एका निबंधात फेल्डहाउस यांनी त्यांना ‘ईश्वर आणि वेडा’ अशा जोडीने संबोधले आहे (लंडनच्या त्या स्कूलची पत्रिका, १९८२). या मथळ्यावर आपल्याकडे नाराजी व्यक्त करणारे मी ऐकले आहेत. परंतु मूळ ग्रंथ वाचणाऱ्याला हे नाकारता येणार नाही की राऊळांना वेडे म्हणणारी माणसे त्या ग्रंथातच आहेत. ऋद्धिपूरच्या लोकांत त्यांना वेडा समजणारे आहेत, आईबाप समजणारे आहेत, आणि कित्येकदा एकच माणूस दोन्ही समजतो. संकलकाने हे लपवले नाही. तेव्हा ‘वेड’ हा विषय बाहेरून आणलेला नाही. बाहेरून आले आहे ते त्याचे स्पष्टीकरण. धर्मेतिहास या ज्ञानशाखेने जगभरच्या ‘पवित्र वेड्यां’चा एक वर्ग बनवला आहे, त्यात रशियातले ख्रिस्तासाठी वेडे झालेले साधू येतात, बंगालचे बाऊल येतात, आणि आपले राऊळही त्या रांगेत जाऊन बसतात. रांग लावली की तुलना सोपी होते. परंतु आपल्याकडे या वर्तनाला स्वतःची भाषा आहे: बाल, उन्मत्त आणि पिशाच या तीन वृत्तींनी राहणारा अवधूत, ही दत्तसंप्रदायाची जुनी परिभाषा आहे, आणि दत्तात्रेय हे महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक. मराठीत ‘वेड’, ‘पिसे’, ‘खूळ’, ‘भ्रम’ या शब्दांचे पोत निरनिराळे आहेत. इंग्रजीतल्या एका ‘मॅडनेस’मध्ये ते एकत्र होतात. पाश्चात्त्य अभ्यासकाच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या कोशातल्या या अपुरेपणाची चर्चा व्हायला हवी होती. ती आपण केली नाही, कारण नाराजीला कोश लागत नाही.

गुंथर सोन्थायमर यांचा उल्लेख येथे करणे अप्रस्तुत होणार नाही. हायडेलबर्गचा हा अभ्यासक धनगरांच्या ओव्या ऐकत महाराष्ट्राच्या माळरानावर हिंडला. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा, त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ चे. त्याच वर्षी ‘हिंदुइझम’ या कल्पनेचा फेरविचार करणाऱ्या एका संपादित ग्रंथात त्यांनी हिंदू धर्माचे पाच घटक सांगितले: ब्राह्मणी शास्त्र, संन्यास, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. हे घटक परस्परांशी सतत देवाणघेवाण करीत असतात, असा त्यांचा आग्रह होता. ‘हिंदू परंपरा’ म्हणून एकच एकसंध वस्तू आहे, हे गृहीत त्यांनी एका पाश्चात्त्य अभ्यासकाच्या लेखणीने मोडले. महानुभावांसारखा, देवतांची उपासना नाकारणारा पंथ त्या एकसंध वस्तूत बसवताना आपलीच जी ओढाताण होते, ती पाहता सोन्थायमर यांचा विचार आपल्याला अधिक उपयोगी पडावा. रा. चिं. ढेरे यांच्याशी त्यांचा जो वैचारिक संवाद राहिला, तो तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता आपल्याकडे पाहू. ज्या दृष्टीला आपण पाश्चात्त्य म्हणतो, तिचा सर्वांत खोल ठसा परदेशी पुस्तकांवर नसून आपल्या अभ्यासक्रमांवर आहे, असे माझे मत आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या १९०० मधील ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ या ग्रंथात महाराष्ट्रातील संतांवर एक प्रकरण आहे. त्यात त्यांनी संतांच्या चळवळीची युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी तुलना केली. रानडे यांचा हेतू थोर होता, त्या काळाची गरजही तशी असेल. १९१९ मध्ये निकल मॅक्निकल या मिशनऱ्याने मराठी संतांच्या रचना इंग्रजीत आणल्या, त्या संग्रहाला त्याने ‘साम्स’, म्हणजे बायबलातील स्तोत्रांचे नाव दिले. मॅक्निकलचे नाव वाचून आपण हसतो. रानडे यांची तुलना मात्र आपण गिळली आणि पचवली. संत म्हणजे सुधारक, भक्ती म्हणजे कर्मकांडाविरुद्धचे बंड, मराठी म्हणजे लोकभाषेतला बायबल-अनुवाद, हे समीकरण आपल्या प्रश्नपत्रिकांत अजून आहे. ‘महानुभाव पंथाचे सामाजिक कार्य विशद करा’ हा प्रश्न मी स्वतः विद्यार्थी असताना सोडवला आहे आणि अध्यापक म्हणून तपासला आहे. उत्तरात जातिभेदविरोध, स्त्रियांना संन्यासाचा अधिकार, मराठीचा पुरस्कार हे तीन मुद्दे आले की गुण मिळतात. तीनही मुद्दे खोटे नाहीत. पण चक्रधरांनी संन्यास कशासाठी सांगितला, परमेश्वराचे ज्ञान आणि प्रेम यांतला भेद काय, ‘असतीपरी’ म्हणजे कसे राहायचे, यांविषयी विद्यार्थी एक वाक्य लिहीत नाही, आणि त्याला कोणी विचारीतही नाही. मोक्षाच्या शोधात घर सोडलेल्या माणसांना आपण समाजसेवेच्या मोजपट्टीने मोजतो. ही मोजपट्टी कोठून आली?

नोव्हेट्झके यांच्या ग्रंथाविषयी माझी तक्रार याच जातीची आहे, आणि ती मी अभ्यासक म्हणून त्यांचा आदर राखून करतो. यादवकाळात मराठी ही साहित्याची भाषा कशी झाली, त्यातून एक प्रकारचे सार्वजनिक विश्व कसे उभे राहिले, स्त्रिया व शूद्र यांचा दैनंदिन व्यवहार ग्रंथांत कसा आला, याची त्यांची मांडणी मोलाची आहे. पण ‘सार्वजनिक’ ही कल्पना ज्या युरोपीय चर्चेतून येते, तिला वाद घालणारे नागरिक हवे असतात. लीळाचरित्रातला श्रोता वाद घालायला बसलेला नाही, तो सांनिध्यासाठी बसला आहे. आणि या मांडणीत लीळाचरित्राचे गद्य हरवते. लहान वाक्ये, क्रियापदाने मिटणारा प्रसंग, एखाद्या म्हातारीच्या तोंडचा एकच शब्द, आणि त्यावर चक्रधरांचे उत्तर. प्रसंग कोणाच्या स्मरणातून आला, दुसऱ्याच्या स्मरणात तो कसा वेगळा होता, याची नोंद. हे सारे वाङ्मय म्हणून वाचण्याचे काम धर्माभ्यासाच्या विभागाचे नाही. ते मराठी विभागाचे आहे. नोव्हेट्झके यांनी ते केले नाही, असा दोष त्यांना देताना आपण ते किती केले, हेही सांगावे लागेल.

स्मरणातील भेदांची ही नोंद आणखी एका प्रश्नाकडे घेऊन जाते. परंपरा सांगते की मूळ पोथी धाडीत नष्ट झाली आणि नंतर स्मरणातून ग्रंथ पुन्हा बांधला गेला, त्यामुळे अनेक पाठ निर्माण झाले. आधुनिक पाठचिकित्सेचे शास्त्र हे युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथ व बायबल यांच्या अभ्यासातून घडले. अनेक पोथ्यांतून मुळाजवळचा एक पाठ शोधावा, उरलेले पाठभेद तळटीपांत ठेवावेत, ही तिची रीत. डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्यभर खपून याच रीतीने लीळाचरित्राची आवृत्ती सिद्ध केली, आणि ती १९७८ मध्ये शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेल्या या संशोधकाइतका महानुभाव वाङ्मयाचा जाणकार दुसरा झाला नाही, आणि फेल्डहाउस यांचे कामही त्यांच्या संपादनांच्या पायावर उभे आहे. तरीही त्या आवृत्तीतील काही लीळांना पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतला. एका पक्षाचे म्हणणे, पोथ्यांत जे आहे ते छापणे हे संशोधकाचे कर्तव्य. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, आमच्या स्वामींचे चरित्र आम्ही ज्या पाठात जपले तोच पाठ खरा. येथे इंग्रज नाही, अमेरिकन नाही. वऱ्हाडातला संशोधक, वऱ्हाडातला पंथ आणि दोहोंमध्ये उभी असलेली एक युरोपीय पद्धती. तिला आपण परकी म्हणायचे की आपली? माझ्यापुरते सांगायचे तर मी डॉ. कोलते यांच्या बाजूला आहे, कारण पाठभेद दडवले गेले की पंथाचाही इतिहास दडतो. पण पंथीयांचा आक्षेप केवळ असहिष्णुता म्हणून झटकून टाकणाऱ्या विद्यापीठीय वृत्तीशी मी सहमत नाही. ज्या संहितेने एखाद्याचा दिनक्रम, भोजन, भिक्षा आणि मरण ठरते, तिच्याविषयी तो तटस्थ राहील, ही अपेक्षाच मुळात विचित्र आहे.

भाषेचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. स्मृतिस्थळातला केसोबासांचा प्रसंग सर्वांना परिचित आहे. केसोबास संस्कृतचे पंडित. त्यांना पंथाचे ज्ञान संस्कृतात आणायचे होते, आणि नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण तसे झाल्यास मराठीच जाणणाऱ्या म्हाताऱ्या भक्तिणी त्या ज्ञानाला मुकतील. आपण हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा दाखला म्हणून सभांतून सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाही तो सांगितला गेला. पण या प्रसंगातला प्रश्न अभिमानाचा नाही, वंचित होण्याचा आहे. आज कोण मुकते, ते पाहू. तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. अत्यंत उपयुक्त कोश. त्यात शब्द मराठी आणि अर्थ इंग्रजीत. म्हणजे नागपूरचा मराठीचा विद्यार्थी आपल्याच भाषेतल्या सातशे वर्षांपूर्वीच्या शब्दाचा अर्थ इंग्रजीतून शोधतो. मध्यंतरी एका मौखिक परीक्षेत एका हुशार विद्यार्थिनीने गोविंदप्रभुचरित्रातला प्रसंग फार छान सांगितला. मूळ वाक्य विचारल्यावर तिने इंग्रजी वाक्य म्हटले. तिने भाषांतर वाचले होते, कारण मूळ ग्रंथाची प्रत तिला कोणत्याच दुकानात मिळाली नाही आणि ग्रंथालयातली प्रत जीर्ण म्हणून कपाटात बंद होती. तिचे वाचन प्रामाणिक होते. ‘पाश्चात्त्य दृष्टी’विषयी तिला मी काय शिकवणार?

यावर उपाय मोठे नाहीत, खर्चाचेही नाहीत. फेल्डहाउस व झेलिअट यांचे प्रास्ताविक निबंध मराठीत आले, तर रिद्धपूरच्या मठातले महंत ते वाचतील आणि कोठे चुकले ते सांगतील. आज त्यांच्यावर लिहिलेले त्यांना वाचता येत नाही, आणि त्यांचे उत्तर लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ चा ग्रंथ फेल्डहाउस यांनी २०११ मध्ये इंग्रजीत नेला. उलट दिशेने असा श्रम आपल्या विभागांनी किती केला, याचा हिशेब द्यायला बसलो तर एक पानही भरणार नाही. नेने, देशपांडे, कोलते यांची संपादने पुन्हा मुद्रित व्हावीत. एम. ए.च्या वर्गात प्राचीन मराठीचा एक पेपर असा असावा की ज्यात विद्यार्थ्याला पोथीचे एक पान वाचावेच लागेल, निबंध लिहून सुटता येणार नाही. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथे विद्यापीठातला अध्यापक, पंथातला अभ्यासक आणि परदेशातून आलेला संशोधक एकाच पोथीभोवती बसू शकतात. बसले, तर पहिला दिवस ‘लीळा’ या एका शब्दावरच जाईल, आणि तेवढा द्यायला हरकत नाही.